हुजूर पक्षातले ‘ओले’ कोण?

प्रश्न एका भाषांतर करणाऱ्या बाईंचा आहे. ब्रिटनच्या माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या काळावरचा मजकूर त्या मराठीत आणताहेत. त्यात त्यांच्या हुजूर, म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह, पक्षातल्या दोन गटांना जागोजाग ‘वेट’ आणि ‘ड्राय’ म्हटलंय. त्या अडल्यात ते वाक्य साधारण असं आहे: थॅचरबाईंच्या पहिल्या मंत्रिमंडळात ‘वेट’ पुष्कळ होते, पण ते कधी एकजुटीने उभे राहिले नाहीत. त्यांचं विचारणं असं की, ‘मवाळ’ आणि ‘जहाल’ लिहून मोकळं व्हावं, की ‘ओले’ आणि ‘कोरडे’ ठेवावं?

मला विचाराल तर दोन्ही नको. का नको, ते जरा ऐसपैस सांगतो, कारण या शब्दाने मला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलंय.

सप्टेंबर १९८१. एका दैनिकात मी नवखा उपसंपादक होतो, रात्रपाळीला. टेलिप्रिंटरवर लंडनची बातमी आली की थॅचर यांनी मंत्रिमंडळ बदललं आणि ‘वेट’ मंत्र्यांना बाहेर काढलं. इयन गिल्मर, ख्रिस्टोफर सोम्स आणि मार्क कार्लाइल यांना नारळ दिला, जिम प्रायर यांची उत्तर आयर्लंडला पाठवणी केली. वेळ कमी होता, कोशात ‘वेट’ म्हणजे ओला, मी मथळा लिहून टाकला: ‘थॅचर यांनी ओल्या मंत्र्यांना वगळले’. आमच्या मुख्य उपसंपादकांनी कागद हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, “काय रे, मंत्रालयाचं छप्पर गळतंय की मंत्री पिऊन आले होते?”

त्यांची दुसरी शंका अगदी बिनतोड होती. मराठीत ‘ओली पार्टी’ म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. आणि राजकीय पक्षालाही आपण बोलताना पार्टीच म्हणतो. ‘पार्टीतले ओले’ असं कुठेही म्हणून पाहा, लोक हातातल्या अदृश्य पेल्याकडे बघतील. ‘कोरडे’ म्हटलं तर ‘ड्राय डे’ आठवेल. तिसरीकडे भेळेची गाडी आहेच, तिथे ‘ओली की सुकी?’ हा विचारधारेचा प्रश्न नसतो.

पण खरी अडचण विनोदाची नाही. ती अशी, की इंग्रजीत जी शिवी आहे ती मराठीत स्तुती होऊन बसते. ‘ओल’ आपल्याकडे चांगली गोष्ट आहे. जमिनीत ओल आहे म्हणजे पेरणी होईल. माणसात ओलावा आहे म्हणजे तो दुसऱ्याचं दुःख समजून घेईल. उलट कोरडेपणा वाईट: कोरडी सहानुभूती, कोरडा पाषाण, ‘तो फार कोरडा वागला’. आता इंग्लंडकडे पाहा. तिथल्या श्रीमंतांच्या निवासी शाळांतली पोरं लेच्यापेच्या, अंगात धमक नसलेल्या मुलाला ‘वेट’ म्हणून चिडवत. आपल्या शाळेत त्याच पोराला ‘शेंबडा’ म्हटलं असतं, म्हणजे तिथेही ओल आहेच म्हणा! पुढे तीच पोरं मंत्री झाली आणि चिडवण्याचा शब्द बरोबर घेऊन आली. थॅचर यांच्या गोटात ‘वेट’ म्हणजे पुळचट, नेभळट, कामगार संघटनांपुढे कच खाणारा. आणि मग जे पुळचट नाहीत ते ‘ड्राय’. हा दुसरा शब्द केवळ पहिल्याचा विरुद्धार्थी म्हणून आला. त्याला स्वतःचं मूळ असं नाही.

तुम्ही ‘ओले’ आणि ‘कोरडे’ लिहिलंत, तर मराठी वाचक पहिल्या पानापासून ओल्यांच्या बाजूने उभा राहील. कदाचित ते न्यायाचंही होईल! पण भाषांतरकाराने मत द्यायचं नसतं.

भांडण कशाचं होतं तेही पाहायला हवं, त्याशिवाय शब्द ठरणार नाही. मे १९७९ मध्ये थॅचर सत्तेवर आल्या तेव्हा महागाई बेफाम होती. पैशाचा पुरवठा आवळा, सरकारी खर्च कापा, तोट्यातल्या कारखान्यांना टेकू देणं थांबवा, हे ‘ड्राय’ मंडळींचं औषध. ‘वेट’ मंडळींचं म्हणणं असं, की इतकी बेकारी माजवाल तर समाज दुभंगेल. श्रीमंत आणि गरीब मिळून एकच राष्ट्र, हा एकोणिसाव्या शतकातले पंतप्रधान डिझरायली यांच्यापासूनचा आपल्या पक्षाचा वारसा आहे. मार्च १९८१ च्या अंदाजपत्रकात अर्थमंत्री जेफ्री हाउ यांनी ऐन मंदीत करांचा बोजा वाढवला, तेव्हा ३६४ अर्थतज्ज्ञांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ब्रिक्स्टनमध्ये आणि जुलैमध्ये लिव्हरपूलच्या टॉक्स्टेथमध्ये दंगली उसळल्या. जानेवारी १९८२ मध्ये बेकारांचा आकडा ३० लाखांवर गेला. अंदाजपत्रकाच्या वेळी प्रायर, गिल्मर आणि पीटर वॉकर या तिघांनी राजीनाम्याचा विचार केला, पण दिला एकानेही नाही. तुमच्या वाक्यातली ‘एकजूट नव्हती’ ही गोष्ट तिथली आहे. गिल्मर यांना बोलायला कंठ फुटला तो काढून टाकल्यावर. अधूनमधून एखाद्याला जहाजावरून फेकायला हरकत नाही, पण जहाजच भरधाव खडकाकडे निघालं असेल तर त्याचा फारसा उपयोग नाही, अशा अर्थाचं ते बोलले.

आता ‘मवाळ’ आणि ‘जहाल’.

ही जोडी तयार आहे, सुटसुटीत आहे, आणि वृत्तपत्रांत रोज चालते. ‘मवाळ’ला मला मोह पडतो तो त्याच्या मुळामुळे. मृदु, मउ, मऊ आणि मग मवाळ. ऊन मवाळतं, राग मवाळतो. ‘जहाल’ ऐकलं की पाठोपाठ ‘विष’ येतं. म्हणजे ही जोडी स्पर्शाची आणि दाहाची आहे, जशी इंग्रजी जोडी ओलीसुकीची. इथवर छान जमतं. पण मराठीत या दोन शब्दांच्या पाठीवर १९०७ चं सुरत बसलेलं आहे. काँग्रेसचं ते अधिवेशन, टिळक व्यासपीठावरून हटत नाहीत, आणि मंडपातून जोडा भिरकावला जातो. तो सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या गालाला लागून फिरोजशहा मेहतांवर आदळतो. तिथे हजर असलेले इंग्रज पत्रकार नेव्हिन्सन यांनी त्या जोड्याचंसुद्धा वर्णन लिहून ठेवलंय: लालसर चामड्याचा, टोकदार, तळाला शिसं ठोकलेला मराठी जोडा. जोड्याची जात त्या गोऱ्या माणसाने बरोबर ओळखली.

तेव्हापासून ‘जहाल’ म्हणजे सरकारशी दोन हात करणारा आणि ‘मवाळ’ म्हणजे अर्ज-विनंत्या करणारा. महाराष्ट्रात यातला कोणता शब्द मानाचा आणि कोणता हिणवण्याचा, हे सांगायला नको. ती विभागणी मार्गाची होती: परकी सत्तेशी कसं भांडायचं? हुजूर पक्षातली विभागणी, सत्ता हातात आल्यावर तिचं करायचं काय, याची आहे. जहाल स्वतःच सरकार आहेत, आणि मवाळ त्यांच्याच टेबलाशी बसून त्यांना अर्ज करताहेत. चित्र उलटं होतं.

आणखी एक गंमत. पक्ष परंपरावादी, म्हणजे आहे ते जपणारा. मग त्यात खरे परंपरावादी कोण? १९४५ नंतर बसलेली घडी फार विस्कटू नका म्हणणारे ‘वेट’. आणि ती घडी उधळून लावणाऱ्या थॅचर या त्या अर्थाने पक्षातल्या क्रांतिकारक. म्हणून ‘ड्राय’साठी ‘कट्टर परंपरावादी’ असं लिहिलेलं मी वाचतो तेव्हा अडखळतो. त्या कट्टर होत्या, वादच नाही, पण परंपरेबाबत नव्हे. ‘कट्टर’ हा शब्द एकूणच बेभरवशाचा आहे. ‘कट्टर कार्यकर्ता’ हे फलकावर अभिमानाने लिहितात आणि ‘कट्टरपंथी’ म्हटलं की त्याच माणसाला राग येतो. त्यापेक्षा ‘कडवा’ बरा. त्यात निष्ठाही आहे आणि जिभेवर राहणारी चवही.

जाता जाता ‘हुजूर पक्ष’ या नावाविषयी. बाईंनी ते गृहीत धरलंय, पण नव्या वाचकांना ते हल्ली उलगडत नाही. ‘हुजूर’ अरबीतून आला, मूळ अर्थ उपस्थिती, समक्षता. धन्याच्या समक्ष म्हणून हुजूर, तिथे राबणारा तो हुजऱ्या, पेशव्यांची खास पागा ती हुजूरपागा, जिच्या जागेवर पुण्यातली मुलींची शाळा उभी राहिली. टोरी, म्हणजे या पक्षाचे पूर्वज, हे मूळचे राजाच्या बाजूचे लोक, म्हणून त्यांना ‘हुजूर’ शोभतं, आणि विरोधातल्या ‘मजूर’ (लेबर) पक्षाशी यमकही जुळतं. हे जोडनाव ज्याने घडवलं त्याला माझा मुजरा. इंग्रजी ‘टोरी’ मात्र आयरिश भाषेतून आला आणि त्याचा अर्थ रानात दबा धरून लुटणारा. म्हणजे आपला पेंढारीच! सतराव्या शतकात विरोधकांनी शिवी म्हणून फेकलेला शब्द त्या मंडळींनी पदकासारखा छातीवर लावला. ‘वेट’चंही पुढे थोडं तसंच झालं.

या पक्षातली भांडणं थॅचर यांच्याबरोबर संपली नाहीत, फक्त विषय बदलला: सरकारी खर्चाच्या जागी युरोप आला. तुमच्या मजकुरात पुढे ते येईलच, म्हणून दोनचार खाचखळगे दाखवून ठेवतो.

युरोपीय संघाशी फार जवळीक नको म्हणणाऱ्या ‘युरोस्केप्टिक’साठी ‘युरोप-संशयी’ लिहू नका. संशयी म्हटलं की मराठीत नवरा उभा राहतो. ‘युरोपविरोधी’ही तंतोतंत नाही, पण वाचनीय आहे.

मार्च २०१९ मध्ये तेव्हाच्या पंतप्रधान टेरिसा मे यांचा ब्रेक्झिट करार, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा करार, तिसऱ्यांदा मतदानाला आला, तेव्हाही विरोधात ठाम राहिलेल्या हुजूर पक्षाच्या २८ खासदारांना ‘स्पार्टन’ (प्राचीन ग्रीसमधल्या स्पार्टाचे चिवट लढवय्ये) म्हणू लागले. इथे ‘मावळे’ लिहिण्याचा मोह होईल. आवरा. एक तर आपण लगेच त्यांच्या बाजूचे होतो, आणि दुसरं म्हणजे टंकताना काना इकडचा तिकडे गेला की ‘मावळे’चे ‘मवाळे’ होतात आणि २८ कडव्यांची अब्रू जाते.

सगळ्यात मोठा खड्डा ‘व्हिप’चा. सप्टेंबर २०१९ मध्ये मे यांच्यानंतरचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी ब्रेक्झिटवरून विरोधात मत देणाऱ्या स्वपक्षाच्या २१ खासदारांचा ‘व्हिप काढून घेतला’. मराठीत ‘व्हिप काढणे’ म्हणजे पक्षादेश जारी करणे, त्यामुळे शब्दशः लिहिलंत तर अर्थ नेमका उलटा. तिथे व्हिप काढून घेणं म्हणजे संसदीय पक्षातून बाहेर घालवणं, खासदारकी मात्र शाबूत. आपल्याकडे १९८५ पासून पक्षांतरबंदी कायदा आहे, पक्षादेश मोडला तर सदस्यत्वच धोक्यात. म्हणून आपल्या पक्षांत असे गट उघडपणे नाव लावून वर्षानुवर्षं नांदत नाहीत, थेट फुटतात. २०२२ पासून ‘प्रतोद’ हा शब्द महाराष्ट्रातल्या चहाच्या टपरीपर्यंत पोचला तो त्याच पायी. प्रतोद म्हणजे मूळ संस्कृतात बैल हाकायची पराणी. आणि चाबकाला आपल्याकडे अस्सल शब्द आहे ‘कोरडा’! कोरडे ओढणे म्हणजे फटके मारणे. ‘कोरड्यांनी ओल्यांवर कोरडे ओढले’ हे वाक्य मी कधीचं जपून ठेवलंय, वापरायची वेळ काही येत नाही.

त्या २१ जणांत निकोलस सोम्स होते, चर्चिल यांचे नातू. ‘सोम्स’ आडनाव ओळखीचं वाटलं ना? १९८१ मध्ये ज्यांना थॅचर यांनी वगळलं त्या ख्रिस्टोफर सोम्स यांचे हे चिरंजीव. बाप-लेक दोघेही आपल्याच पक्षाच्या पंतप्रधानांच्या हातून बाहेर. (मुलाला महिन्या-दोन महिन्यांत परत घेतलं.) आणि जुलै २०२४ च्या निवडणुकीत पक्ष १२१ जागांवर आला, तेव्हा लिझ ट्रस आणि जेकब रीस-मॉग यांच्यासारखे कडवेही पडले आणि अ‍ॅलेक्स चॉक यांच्यासारखे नेमस्तही. सुक्याबरोबर ओलंही जळतं, ही म्हण इतकी अक्षरशः लागू पडलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही. तुमच्या भाषांतरात ओल्या-सुक्याला एकच जागा द्यायची असेल तर ती ही.

आता निवाडा. वर मी सहज ‘नेमस्त’ लिहून गेलो, तोच माझा कौल. जुन्या कागदांत ‘नेमस्त’ म्हणजे नेमलेला, ठरवून दिलेला. पुढे मर्यादेत राहणारा, बेताने वागणारा असा अर्थ आला. मवाळांना सभ्यपणे संबोधायचं तेव्हा ‘नेमस्त’ म्हणत. त्यात सुरतेचा जोडा नाही, उपहास नाही, आणि जरा जुन्या वळणाचा असल्यामुळे हुजूर पक्षाच्या कोटाला शोभतोही. लेखक स्वतःच्या आवाजात या गटाविषयी बोलतो तिथे ‘नेमस्त’ आणि ‘कडवे’ लिहा. मात्र एखाद्या पात्राच्या तोंडी ‘वेट’ शिवी म्हणून येते तिथे सभ्यपणा सोडा: ‘पुळचट’ लिहा. ‘मिळमिळीत’ही चालेल, पण तो मला आमटीसाठी राखून ठेवावासा वाटतो. पहिल्यांदा शब्द येईल तिथे ‘वेट’ मराठी अक्षरांत देऊन एक ओळ खुलासा करा, पुढे पुन्हा नको.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘थॅचरबाईंच्या पहिल्या मंत्रिमंडळात नेमस्तांचा भरणा होता, त्या त्यांना पुळचट म्हणत, आणि एकेकट्याने कुरकुरण्यापलीकडे त्यांची मजल कधी गेली नाही.’ ‘पुळचट म्हणत’ हे मूळ वाक्यात नाही हे मला कबूल आहे. पण ‘वेट’ या एका शब्दात ते होतं, आणि मराठीत त्याला वेगळी जागा द्यावी लागते. संपादकांनी हरकत घेतली तर त्यांना १९८१ चा माझा मथळा दाखवा.