चित्रपटाच्या संकलनातून पात्राच्या मनातली घालमेल कशी दाखवतात?

कट (एक शॉट संपवून दुसऱ्यावर जाणं) कुठे करायचा यापेक्षा कुठे करायचा नाही, यावर बरंच काही ठरतं. ‘द गॉडफादर’मधला (१९७२) रेस्टॉरंटचा प्रसंग बघा. मायकेल खून करायच्या तयारीने बसलाय. समोर त्याच्या घराण्याचा शत्रू सोलोझो इटालियनमध्ये बोलतोच आहे, पण शॉट मायकेलच्या चेहऱ्यावरच रेंगाळतो. मायकेल झालेल्या अल पचिनोचे डोळे नुसते भिरभिरतात. बोलणं कानावरून जातंय, हे न सांगता कळतं. त्यात ध्वनीचं काम करणाऱ्या वॉल्टर मर्च यांनी रेल्वेचा कर्कश आवाज चढवत नेलाय. गाडी मात्र पडद्यावर दिसतच नाही, म्हणून तो गोंगाट थेट मायकेलच्या डोक्यातला वाटतो! मग गोळ्या सुटतात. माझ्या मते हा प्रसंग जितका अभिनयाचा, तितकाच संकलनाचा आणि ध्वनीचा. एकदा आवाज बंद करून बघा, ताण लगेच उतरतो.