धाकट्या भावाला पोलीस 'चौकशीला' म्हणून घेऊन गेले, आता काय करायचं?

आधी ठाण्यात जाऊन एकच विचारा: अटक आहे की नोटीस? सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत बहुतेक वेळा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस पुरते. ती पाळली, तर कारण लेखी नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही.

अटक असेल तर अटक पंचनाम्यावरची वेळ नीट वाचा, मगच सही करा. २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावंच लागतं. फक्त प्रवासाचा वेळ त्यात धरत नाहीत. सुरतेहून धुळ्याला आणलं असेल तर हा फरक मोठा पडतो. घोळ इथेच होतो: माणूस सकाळपासून ठाण्यात, कागदावर अटक रात्रीची. म्हणून नेल्याची वेळ, साक्षीदार, फोनचे कॉल जपून ठेवा आणि कोर्टात वकिलामार्फत सांगा.

अटकेची कारणं लेखी आणि त्याला समजणाऱ्या भाषेत मिळाली पाहिजेत, रिमांडसाठी, म्हणजे कोठडी मागायला, दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करण्याच्या किमान दोन तास आधी. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. अक्कलकुवा-धडगावकडच्या पावरी बोलणाऱ्या माणसाला नुसता मराठी कागद देऊन भागत नाही, हे तिथे ठामपणे सांगा.

कोऱ्या कागदावर सही नको. पोलिसांपुढचा कबुलीजबाब सहसा पुरावा ठरत नाही, त्यामुळे दबावाखाली काही बोलला असेल तरी घाबरू नका. मारहाण झाली असेल तर वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांना आणि मग दंडाधिकाऱ्यांना त्याने स्वतः सांगावं.

वकिलाला पैसे नसतील तर मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१०० वर फोन करा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नसते.