सेल फोडण्यापूर्वी
प्रयोगासाठी लागणाऱ्या कार्बनच्या कांडीसाठी तुम्ही सेल (बॅटरी) फोडायला निघाला असाल, तर आधी त्याच्या वेष्टनावर ‘अल्कलाइन’ असे छापले आहे का, ते पाहावे. तसे असल्यास त्यात ती कांडी नसतेच, असतो तो पोटॅशियम हायड्रॉक्साइडने भिजलेला दाहक लगदा, जो बोटांना साबणासारखा बुळबुळीत लागतो आणि लगेच झोंबत नसल्यामुळे माणूस गाफील राहतो. तो बुळबुळीतपणा म्हणजे आपल्याच त्वचेतील स्निग्धांश विरघळू लागल्याची खूण असते. (हा धडा मी बराच वेळ नळाखाली हात धरून शिकलो.) डोळ्यात थेंब उडाल्यास किमान २० मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुऊन तडक डॉक्टरांकडे जावे. लिथियमच्या सेलला तर पक्कड लावूच नये, तो हातातच पेट घेऊ शकतो. तुमच्या प्रयोगाला पेन्सिलीचे शिसेही (म्हणजे ग्राफाइट, कार्बनचाच एक प्रकार) चालेल.