कोरोनातून बरं झाल्यावर, क्लब पुन्हा सुरू होत असताना रोइंगला सुरक्षितपणे परत कसं यावं?

प्रश्नाच्या तपशिलात तुम्ही लिहिलंय की एप्रिल 2021 मध्ये कोरोना झाला, सहा दिवस ताप होता, घरीच बरे झालात. आता जून 2021 संपत आलाय आणि नागपुरातला तुमचा क्लब पुढच्या आठवड्यापासून उघडतोय. सुरुवातीला ‘सगळ्यांच्या सोयीसाठी’ हॉलमध्ये एर्गोमीटरवर (बसून वल्हवायच्या मशीनवर) सराव, मग पाण्यावर कॉक्सवाली (कॉक्स म्हणजे वल्हं न मारता बोट वळवणारा) चौघांची बोट. मास्क लावून वल्हवायचं का, हेही विचारलंय.

मास्कचं आधी सांगतो. वल्हवताना लावायचा नाही. जोरात श्वास घेताना तो घामाने भिजतो, ओल्या कापडातून हवा येत नाही, आणि बोट उलटलीच तर तो नाकातोंडाला चिकटतो. व्यायाम करताना मास्क नको असं जागतिक आरोग्य संघटनेनेही 2020 मध्येच सांगितलंय. झिपच्या पिशवीत ठेवा. बोट उचलताना, ठेवताना आणि काठावर उभं असताना मात्र लावाच. पन्नास किलोची बोट चौघांनी खांद्याला खांदा लावून ‘एक, दोन, उचल’ करत उचलताना जितकं जवळ येणं होतं, तितकं पाण्यावर होत नाही.

आता हॉल. मी उत्तर लिहायला बसलो ते यासाठीच.

2020 च्या दसऱ्याला, 25 ऑक्टोबरला, राज्यात जिम उघडायला परवानगी मिळाली. आमच्या सेक्रेटरींनी त्याच आठवड्यात तलाव बंद ठेवून हॉल उघडला. मी म्हटलं, उलटं करा, हॉलला कुलूप लावा आणि सिंगल, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या, बोटी काढा. त्यांचं उत्तर असं: “तलावावर लोकं पाहतात न भाऊ, फोटो काढतात, उद्या पेपरात येते. हॉलमध्ये कोण पाहते?” तीस फूट बाय वीस फुटांची खोली, आठ एर्गोमीटर, दोघांमध्ये चार फूट. कोपऱ्यात मोठा डेझर्ट कूलर, आणि गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून दारं-खिडक्या बंद.

नागपूरकराला कूलर कसा चालतो हे सांगायची गरज नाही, पण तो कुठे ठेवायचा हे दर उन्हाळ्यात निम्मं गाव विसरतं. कूलर खिडकीत, पाठ बाहेर करून बसवला तर तो बाहेरची ताजी हवा ओल्या जाळीतून आत ओढतो, आणि समोरचं दार उघडं असेल तर आतली शिळी हवा बाहेर ढकलतो. तसा तो उत्तम व्हेंटिलेशनचं काम करतो, एसीपेक्षा किती तरी बरं. तोच कूलर खोलीच्या आत ठेवून दार लावलं की तीच ती हवा फिरत राहते. वर बाष्प वाढतं, म्हणून अर्ध्या तासात गारवाही संपतो. म्हणजे दार बंद करून ना गारवा मिळाला, ना हवा. तपासायचं असेल तर उदबत्ती पेटवून दाराच्या फटीशी धरा. धूर बाहेर ओढला गेला तर ठीक. जागच्या जागी घुटमळला, तर त्या खोलीत एर्गो ओढू नका.

हे इतकं महत्त्वाचं का? बसलेला माणूस मिनिटाला साधारण सहा ते आठ लिटर हवा श्वासातून आत-बाहेर करतो. जोर लावून वल्हवणारा शंभर लिटरच्या वर जातो. म्हणजे दहा मिनिटं जोरात ओढणारा एक माणूस बसलेल्या माणसाच्या दोन तासांइतकी हवा खोलीत सोडतो. त्यात एर्गोचा पंखा ती हवा घुसळतो, आणि कोच समोर उभा राहून ओरडत असतो. अशी आठ जणांची चाळीस मिनिटं मोजा. आमच्याकडे एकाला ‘साधी सर्दी’ होती. दहा दिवसांत आठातले पाच पॉझिटिव्ह निघाले. सगळे सुखरूप आहेत, पण त्यातला एक फेब्रुवारीपर्यंत जिना चढताना थांबत होता. आणि त्या सगळ्या दिवसांत सहा सिंगल रॅकवर धूळ खात होत्या.

एर्गो ओढायचाच असेल तर मशीन उचलून व्हरांड्यात किंवा झाडाखाली न्या. कन्सेप्ट-टू कंपनीच्या मशीनचे दोन तुकडे सहज सुटतात, दोन माणसांचं काम आहे. वर्षभर बंद मशीनच्या पंख्याच्या जाळीत धूळ आणि कापडाची लव अडकते, हवा कमी जाते, आणि डॅम्पर (हवा किती आत घ्यायची ते ठरवणारी कळ) त्याच आकड्यावर असूनही ड्रॅग फॅक्टर (पंख्याला होणारा विरोध) खाली येतो. मग पोरं डॅम्पर दहावर नेतात आणि कंबर धरतात. जाळी साफ करा, स्क्रीनवर ड्रॅग फॅक्टर पाहा, 110 ते 120 ठेवा. साखळीला तेलाचा हात द्या. हँडल साबणाच्या पाण्याने पुसा. सोडियम हायपोक्लोराइट रिगरवर, म्हणजे वल्हं अडकवायच्या बाहेरच्या चौकटीवर, फवारू नका, ॲल्युमिनियमवर पांढरे खड्डे पडतात. ग्लिसरीनवालं सॅनिटायझर लावून वल्हं धरलं तर मूठ सटकते. त्याऐवजी हात साबणाने धुवा.

पाण्यावर कोणती बोट? सिंगल. क्लबचं वेळापत्रक काय म्हणतं ते बाजूला ठेवा.

कॉक्सवाल्या चौघांच्या बोटीत काय होतं ते नीट बघा. वल्हवणारे सगळे मागे तोंड करून बसतात, बोट त्यांच्या पाठीच्या दिशेने जाते. त्यामुळे समोरून येणारा वारा प्रत्येकाचा श्वास बो-कडून (बोटीचं पुढचं टोक) स्टर्नकडे (मागचं टोक), त्याच्यासमोर बसलेल्याच्या पाठीवर नेतो. दोन सीटमधलं अंतर सव्वा ते दीड मीटर, ते काही वाढवता येत नाही. आणि शेवटी स्ट्रोकचा, म्हणजे स्टर्नकडच्या वल्हवणाऱ्याचा, श्वास थेट कॉक्सच्या तोंडावर. कॉक्स बिचारा हातभर अंतरावर समोरासमोर बसलेला. चौघांपैकी कोणापेक्षाही जास्त धोका त्यालाच, आणि क्लबमध्ये कॉक्स म्हणजे बहुतेक वेळा सगळ्यात लहान पोरगा. बोटीत कॉक्स बो-मध्ये आडवा झोपून बसायची सोय असेल तर गोष्ट वेगळी.

वारा मागून असेल तर आणखी वाईट. बोट ताशी बारा-चौदा किलोमीटरने चाललीय आणि वाराही त्याच दिशेने तितकाच, तर बोटीतल्या माणसाला हवा स्थिर लागते, श्वास तिथेच लोंबकळतो. म्हणून डबलमध्ये, म्हणजे दोघांच्या बोटीत, बसायचंच असेल तर घरातलं माणूस घ्या, म्हणजे भाऊ, बायको, मुलगी. सेक्रेटरी मला म्हणाले होते, “टोकियोला जाणारे अर्जुनलाल आणि अरविंद डबलमध्येच सराव करतात न?” करायचे. ते 2021 च्या टोकियो ऑलिंपिकला निघालेले लष्कराचे खेळाडू, शिबिरात एकत्र राहायचे, एकाच मेसमध्ये जेवायचे. आपण घरी जाऊन आजीच्या शेजारी बसतो.

इथे माझ्याच म्हणण्यातलं भोक सांगून टाकतो. आजारातून उठलेल्या माणसाला सिंगल ही विषाणूच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित, आणि बुडण्याच्या दृष्टीने सर्वांत धोक्याची बोट आहे. चक्कर आली तर धरायला कोणी नाही. म्हणून पहिले दोन आठवडे काठाला समांतर, वीस-पंचवीस मीटर आत, आणि पन्नास मीटरच्या आत दुसरी सिंगल किंवा कोचची लाँच (मोटारबोट) हवीच. उलटलात तर बोट सोडून पोहू नका, बोट हाच तुमचा तराफा. कोरोनामुळे जलतरण तलाव बंद होते, त्यामुळे वर्षभरात कोणी पोहलेलं नाही. पहिल्याच दिवशी काठाजवळ, लाइफ जॅकेट घालून, मुद्दाम उलटून परत चढायचा सराव करा.

शरीराचं. लक्षणं सुरू झाल्यापासून किमान दहा दिवस विश्रांती आणि औषध न घेता सलग सात दिवस लक्षणमुक्त, हा 2020 मध्ये खेळाडूंसाठी सुचवलेला किमान नियम. तुमचा तो टप्पा कधीच मागे पडलाय. पुढच्या पायऱ्या अशा: दोन दिवस पंधरा-पंधरा मिनिटं, नाडी कमाल वेगाच्या 70 टक्क्यांखाली. मग 80 टक्क्यांखाली राहून एक दिवस अर्धा तास, एक दिवस पाऊण तास, दोन दिवस तासभर. त्यानंतरच नेहमीचा सराव. कमाल वेग म्हणजे ढोबळ 220 वजा वय. हे तयारीतल्या खेळाडूचं वेळापत्रक आहे. चार महिने सोफ्यावर काढले असतील तर प्रत्येक पायरीला तीन दिवस द्या. स्ट्रोक रेट, म्हणजे मिनिटाला वल्ह्याचे फटके, 18-20, तुकडे पाडून, तीन वेळा आठ मिनिटं, मध्ये तीन मिनिटं आराम. रोज सकाळी उठल्या उठल्या नाडी मोजा. नेहमीपेक्षा दहाने जास्त असेल तर त्या दिवशी बोट नाही.

एप्रिलमध्ये घराघरात ऑक्सिमीटर आलेच आहेत. पहिल्या दिवसाआधी सहा मिनिटं सपाट जागी चाला. ऑक्सिजन 94 च्या खाली गेला किंवा आधीपेक्षा तीनने उतरला, तर वल्हं राहू द्या आणि डॉक्टरकडे जा. छातीत दुखणं, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, श्रमाच्या मानाने फार धाप, यातलं काहीही झालं तर तिथेच थांबा. हृदयाच्या स्नायूला सूज आलेली असू शकते, आणि ती निघाली तर तीन ते सहा महिने जोराचा व्यायाम बंद.

फुप्फुसापेक्षा आधी कंबर आणि बरगड्या बोलतील, हे लक्षात ठेवा. दम भरून येतो म्हणून माणूस अंतर वाढवतो, पण स्नायू आणि हाडं मागे राहिलेली असतात. बरगडीचं बारीक फ्रॅक्चर असंच होतं. आधी खोल श्वास घेताना एका जागी टोचतं, मग खोकताना. आठवड्याला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढ करू नका. तळहाताला फोड येतीलच. फुटलेला फोड उघडा ठेवून आपल्या तलावांच्या पाण्यात हात घालू नका, त्या पाण्यात काय काय येतं ते आपल्याला माहीत आहे.

बोटीचं निम्मे लोक विसरतात. टिनाच्या शेडमध्ये 45 अंशांचे दोन उन्हाळे काढलेल्या बोटीचं रबर मेलेलं असतं. बो-बॉल, म्हणजे बोटीच्या टोकाचा रबरी गोळा, दाबून पाहा, कडक झाला असेल तर बदला. हवेच्या कप्प्यांची झाकणं लावून बोट काठाला पाण्याने भरा, तरंगते का पाहा. बुटांच्या टाचांची दोरी ओढून पाहा. टाच पाच-सात सेंटिमीटरच उचलली गेली पाहिजे, म्हणजे उलटल्यावर पाय आपोआप सुटतो. ती दोरी उंदरांना फार आवडते. रिगरच्या पोकळीत गांधीलमाशीचं पोळं असतं, हात घालायच्या आधी काठीने ठोका. सगळ्या नटांना दहाचा पाना लावून घ्या, वल्हं अडकवायचं गेट बंद होतं की नाही बघा. नागपूरच्या फुटाळ्यासारख्या, जिथे विसर्जन व्हायचं अशा तलावात मूर्तींचे बांबूचे सांगाडे तळाला असतात, बोटीच्या तळाची फिन तुटते. पाणी कमी असताना आधी लाँचने फेरी मारून जागा हेरून ठेवा. जलपर्णी दिसली की वळसा घाला, पातं अडकलं तर सिंगल क्षणात उलटते.

वेळ पहाटे साडेपाच ते सव्वासात. सध्याचा दमटपणा मे महिन्याच्या उन्हापेक्षा फसवा आहे, घाम वाळत नाही. आधी आणि नंतर वजन करा, दोन टक्क्यांहून जास्त उतरलं तर पाणी कमी पडलंय. गडगडाट ऐकू आला की बोट बाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं आत जायचं नाही. विदर्भातली वीज कोणाची भीड ठेवत नाही.

लस राहिली. बरं झाल्यावर तीन महिने थांबून घ्यायची असा 2021 चा नियम होता, म्हणजे तुमची जुलैअखेरीस. डोसनंतर दोन-तीन दिवस जोर लावू नका. मी डॉक्टर नाही, बोटी सांभाळणारा माणूस आहे. ऑक्सिजन लागला असता किंवा स्टेरॉइड घेतलं असतं तर ईसीजी आणि इको झाल्याशिवाय यातलं काहीच करू नका असं सांगितलं असतं. थंडीत शर्यतीला उतरता येईल का, हे तुम्ही शेवटी विचारलंय. ऑक्टोबरमध्ये विचारा.

सराव संपल्यावर टपरीवर खांद्याला खांदा लावून तर्री पोहे खाणंही बंद. पुडा बांधून घ्या आणि घरी खा. आणि तुमच्या क्लबची मीटिंग झाली, तर कूलर कुठे ठेवणार हा प्रश्न सगळ्यात आधी विचारा. आमचा अजून त्याच कोपऱ्यात आहे. परवा झाकण काढलं तर टाकीत डासांच्या अळ्या वळवळत होत्या, सगळं पाणी मी मागच्या बाजूला उन्हात ओतून दिलं.