व्हिसावरचा माणूस आणि लॉजचे सदस्यत्व

भुसावळ

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर राहत असताना तेथील एका मेसॉनिक लॉजमध्ये, म्हणजे फ्रीमेसनरी या जुन्या बंधुसंस्थेच्या स्थानिक शाखेत, प्रवेशासाठी अर्ज करावा असे तुझ्या मनात आले, आणि ज्याचा मुक्कामच सरकारी मुदतीवर आहे त्याने आयुष्यभराच्या बंधुत्वाची शपथ कशी घ्यावी, असे तेथल्या एका सभासदाने बोलून दाखवल्यामुळे तू अडखळलास, असे तू लिहितोस. व्हिसाची मुदत संपून गेलेल्या तुझ्या मित्राविषयीही तू विचारले आहेस. हे दोन प्रश्न वेगळे आहेत, म्हणून आधी तुझ्यापुरते लिहितो.

माझे मत स्पष्ट आहे. व्हिसाचा प्रकार हा बंधुत्वासाठीच्या पात्रतेचा निकष होऊ नये. फ्रीमेसनरीची जी घटना जेम्स अँडरसन यांनी संपादित केली आणि 1723 मध्ये लंडनमध्ये छापली गेली, तीत आपण सर्व राष्ट्रांचे व सर्व भाषांचे आहोत असे सभासदांविषयी म्हटले आहे. ईश्वरावर श्रद्धा, पक्व वय, स्वतंत्र माणूस असणे आणि लोकांत चांगले नाव, एवढ्याच गोष्टी परंपरेने पाहिल्या जातात. नागरिकत्व त्यांत नाही. मात्र सर्वच बंधुसंस्थांचे असे नाही. 1868 मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेली एल्क्स ही संस्था सभासद अमेरिकेचा नागरिक असावा असा नियम ठेवते. देशनिष्ठा हे तिचे एक मुख्य व्रत असल्यामुळे तिला तो अधिकार आहे, आणि तेथे तुझ्यासारख्याने रागावण्याचे कारण नाही. फ्रीमेसनरीत संपूर्ण अमेरिकेची अशी एक ग्रँड लॉज, म्हणजे सर्व लॉजेसवरची मध्यवर्ती संस्था, नाही; प्रत्येक राज्याची वेगळी आणि तिची नियमावलीही वेगळी. त्यामुळे न्यू जर्सीतल्या ओळखीच्या माणसाने सांगितलेला नियम टेक्सासला लागू पडेलच असे समजू नकोस. तुझ्या राज्याची नियमावली लॉजच्या सचिवांकडून मागून घे आणि स्वतः वाच.

ती वाचताना तुला बहुधा एक अट दिसेल, आणि तुझ्या त्या सभासदाचा गोंधळ तिच्यामुळेच झाला असावा. अर्जापूर्वी उमेदवाराने त्या राज्यात ठरावीक काळ, कोठे सहा महिने तर कोठे वर्षभर, वास्तव्य केलेले असावे, असे अनेक ग्रँड लॉज सांगतात. ही अट वास्तव्याची आहे, व्हिसाची नाही. अर्ज आल्यावर चौकशी समिती उमेदवाराच्या घरी जाते, ओळखीच्या लोकांशी बोलते, मग गुप्त मतदान होते, आणि कित्येक ठिकाणी विरोधाची एक काळी गोटीसुद्धा अर्ज फेटाळायला पुरते. ज्याला शेजारीपाजारी कोणी ओळखतच नाही, त्याच्याविषयी समिती काय लिहिणार? आपल्याकडे धुळे-नंदुरबारकडून सुरतेला, उधना आणि लिंबायतला गेलेल्या लोकांच्या मंडळांतही हीच रीत आहे. नवा माणूस आला की त्याचे गाव कोणते, तो कोणाच्या ओळखीचा, असे विचारतात. वर्गणी लगेच घेतात, पण खजिन्याच्या किल्ल्या द्यायला थांबतात. त्यात कोणाचा अपमान नसतो. तू तेथे दोन वर्षे एकाच गावात नोकरी करत असशील, तर आजच दुसऱ्या राज्यातून आलेल्या जन्मजात अमेरिकनापेक्षा तुझी बाजू अधिक भक्कम आहे.

हा वाद नवा नाही, म्हणून थोडा इतिहास. बोस्टनमधल्या प्रिन्स हॉल या कृष्णवर्णीय गृहस्थांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना 1775 मध्ये ब्रिटिश फौजेबरोबर आलेल्या एका आयरिश लष्करी लॉजने दीक्षा दिली, आणि 1784 मध्ये त्यांना स्वतःच्या लॉजसाठी सनद मंजूर झाली तीही इंग्लंडच्या ग्रँड लॉजकडून. शेजारी राहणाऱ्यांनी दूर ठेवले आणि परक्यांनी जवळ केले, असा तो प्रकार होता. आपल्या मुंबईत माणेकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थांना लॉजने प्रवेश नाकारला, त्यांनी पॅरिसला जाऊन दीक्षा घेतली, आणि पुढे 1843 मध्ये डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने हिंदी लोकांना प्रवेश देणारी 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही लॉज मुंबईत उभी राहिली. याच्या उलट बाजूही पाहा. अमेरिकेतल्या कित्येक बंधुसंस्था स्थलांतरितांनीच उभ्या केल्या. 1882 मध्ये न्यू हेवनमध्ये फादर मायकेल मॅकगिव्हनी यांनी 'नाइट्स ऑफ कोलंबस' स्थापन केली, तेव्हा त्यांच्यासमोर प्रामुख्याने स्थलांतरित कॅथलिक कामगारांची घरे होती. कर्ता पुरुष गेला की विधवा व मुले उघड्यावर पडत, म्हणून परस्पर विम्याची सोय केली. अशा देशातल्या बंधुसंस्थेने आलेल्या माणसाचे कागद पाहून त्याचा स्वभाव ठरवावा, हे मला विसंगत वाटते.

पण त्या सभासदाच्या शंकेत एक खरा मुद्दा आहे, तो टाळू नकोस. एच-वन-बी साधारणपणे सहा वर्षांचा असतो. ग्रीन कार्डची प्रक्रिया चालू असेल तर वाढतो. नोकरी गेली तर दुसरी सोय करायला जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात. फ्रीमेसनरीच्या तीन पायऱ्या आहेत आणि पहिलीनंतर तुला देश सोडावा लागू शकतो. त्यासाठी मूळ लॉजने दुसऱ्या लॉजला, आमच्या वतीने पुढची पायरी द्यावी, अशी विनंती करण्याची प्रथा आहे, आणि पूर्ण सभासद झाल्यावर रीतसर दाखला घेऊन तू भारतात परतलास तर येथे 1961 पासून स्वतःची ग्रँड लॉज ऑफ इंडिया आहेच. तेव्हा शपथ आयुष्यभराची असली तरी ती एका गावाशी बांधलेली नाही. मुलाखतीत मात्र तुझा व्हिसा, त्याची मुदत आणि परतण्याची शक्यता, हे सर्व कोणी विचारण्याआधी तूच सांग.

काही व्यावहारिक बाबी. सदस्यत्वातून आर्थिक लाभ मिळवण्याचा हेतू नाही, असे अर्जदाराकडून वदवून घेतात. तेव्हा नोकरीसाठी शिफारस किंवा व्हिसासाठी पत्र मिळेल, या आशेने तेथे जाऊ नकोस. पुढे कधी सचिवपद मिळाले आणि त्यासाठी मानधन देऊ केले, तर वकिलाला विचारल्याशिवाय एक डॉलरही घेऊ नकोस, कारण तुझा व्हिसा तुला ठरावीक मालकाकडेच कमावण्याची मुभा देतो. व्हिसाच्या डीएस-160 या अर्जात सामाजिक व धर्मादाय संस्थांशी असलेल्या संबंधांची विचारणा होते. तेथे लॉजचे नाव लिहायचे. लपवण्यासारखे त्यात काही नाही, पण लपवले तर मात्र ते अंगाशी येते.

आता तुझ्या मित्राविषयी. त्याने आधी लॉजकडे नव्हे, स्थलांतराच्या कायद्याच्या वकिलाकडे जावे, आणि तेही लवकर. बेकायदा वास्तव्य 180 दिवसांहून अधिक झाल्यावर देश सोडला तर तीन वर्षे, आणि वर्षभर किंवा अधिक झाले असेल तर दहा वर्षे परत येण्यास बंदी लागू शकते. म्हणून घाईने विमानात बसणे हेही शहाणपणाचे नाही. मुदत उलटून राहणे हा एवढ्यावरून फौजदारी गुन्हा ठरत नाही, आणि त्यावरून कोणाला वाईट माणूस म्हणू नये. अँडरसनची घटनासुद्धा सभासदाने राज्यसत्तेशी शांततेने वागावे असे सांगते, पण राज्याविरुद्ध बंड केलेल्याचे, दुसरा अपराध सिद्ध नसेल तर, लॉजशी असलेले नाते तुटत नाही असेही म्हणते. तरीही त्याने आत्ता अर्ज करू नये असे मला वाटते. स्वतःची सही असलेल्या कागदावर त्याला एक तर अर्धवट उत्तर द्यावे लागेल, नाही तर ज्यांना तो अजून नीट ओळखत नाही त्यांच्या हाती स्वतःचे गुपित द्यावे लागेल. लॉजने पोलीस चौकी होऊ नये. पण लॉजला तशा पेचात टाकणेही बरे नाही. कागद मार्गी लागेपर्यंत थांबा असे तिने सांगितले, तर त्याने ते मनाला लावून घेऊ नये.

घरी तुझ्या आईला 'गुप्त संस्था' या शब्दांची धास्ती वाटते, हे मला ठाऊक आहे. विवेकानंदांनी 1884 मध्ये कलकत्त्यात फ्रीमेसनरीची दीक्षा घेतली होती, एवढे तिला सांग. उरलेले मी घरी जाऊन बोलेन.

सचिवांकडून नियमावली मिळाली की वास्तव्याच्या अटीचा मजकूर मला जसाच्या तसा पाठव. तो वाचल्यानंतरच अर्जाची तारीख ठरवू.

तुझा,
काका