आत्याची पिशवी आणि भावाचा रिपोर्ट

प्रश्न : डॉक्टर मॅडम, माझं वय ३८. माहेर सांगली जिल्ह्यात, सासर कराडला. थोरला भाऊ अमेरिकेत ओहायो राज्यात, कोलंबसला असतो. गेल्या वर्षी, ४१व्या वर्षी, त्याचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. तिथं काढलेली गाठ तपासली, मग रक्त तपासलं आणि ‘एमएसएच२’ या जनुकात दोष आहे, म्हणजे लिंच सिंड्रोम आहे, असं सांगितलं. तो म्हणतो, तुम्ही सगळ्यांनी तपासून घ्या. आमचे वडील ४४व्या वर्षी गेले. वर्षभर मूळव्याधीचं औषध चाललं होतं, शेवटी आतड्याचा कॅन्सर निघाला. आई म्हणते, ही गोष्ट बाहेर गेली तर पोरींची लग्नं कशी व्हायची? माझी मुलगी १६ वर्षांची आहे, चुलत बहिणीला स्थळं बघतायत. काका म्हणतात, आत्याची मुलं दुसऱ्या घराण्यातली, त्यांचा काय संबंध? थोरल्या आतेभावाला आधीच मूळव्याधीचा त्रास आहे, उगाच घाबरेल. मला स्वतःला काही होत नाही. काय करू?
ता. क. आत्याची पिशवी ४६व्या वर्षी काढली होती. गाठ होती म्हणतात.
– एक वाचक, कराड

उत्तर : तुमचं पत्र वाचता वाचता मी पेन्सिल घेतली आणि पाकिटाच्या पाठीवर तुमच्या माहेरची आकृती काढली. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, कॅन्सर झाला असेल तर आत काळं भरायचं. वडील काळे, भाऊ काळा. ताजा कलम वाचला आणि आत्याच्या गोलावर प्रश्नचिन्ह टाकलं. ताई, पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही ताज्या कलमात घातली आहे.

लिंच सिंड्रोम म्हणजे आईवडिलांकडून मुलांत येणारा, कॅन्सरचा धोका वाढवणारा जनुकीय दोष. त्यात बायकांना आतड्याइतकाच गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर होतो. आपल्याकडे ‘पिशवी काढली’ म्हटलं की पुढं कुणी विचारत नाही. साधी फायब्रॉइडची गाठ होती की कॅन्सरची, हे जुन्या बायोप्सीच्या कागदावर असतं आणि तो कागद बहुधा साड्यांच्या घडीत पडून असतो. तो शोधा.

एमएसएच२चं काम दुरुस्तीचं. पेशी दुभंगताना आतल्या जनुकीय मजकुराची, म्हणजे डीएनएची, नक्कल होते, नकलेत चुका राहतात, त्या दुरुस्त करणाऱ्या टोळीतला हा एक. एमएलएच१, एमएसएच६ आणि पीएमएस२ हे त्याचे जोडीदार. प्रत्येकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. दोष तुमच्या वडिलांकडून आलेला दिसतो. तसं असेल तर तुमच्यात तो असण्याची शक्यता निम्मी. आत्यात असेल तर तिच्या प्रत्येक मुलामुलीतही निम्मी. काकांना हे सांगा. आपल्या कुलवृत्तांतांत मुलगी सासरी गेली की तिची फांदी बहुधा तिथंच थांबते. माझ्या आकृतीत ती तशीच पुढं जाते.

भावाचं निदान कसं झालं, तेही समजून घ्या. ओहायोत २०१३पासून राज्यभरातल्या सुमारे ५० रुग्णालयांनी एकत्र येऊन आतड्याच्या कॅन्सरच्या नव्या रुग्णांच्या गाठी लिंचसाठी तपासल्या. वय किती, घरात आधी कुणाला होता का, यावर ते अवलंबून ठेवलं नाही. पन्नाशीच्या आतल्या ४५० रुग्णांपैकी ७२ जणांत कॅन्सरचा धोका वाढवणारा कुठला ना कुठला जनुकीय दोष सापडला. म्हणजे जवळजवळ दर सहा माणसांत एक. आणि त्या ७२ जणांतले साधारण एक तृतीयांश जुन्या निकषांनी निसटलेच असते, कारण त्यांच्या घरचा इतिहास नियमात बसत नव्हता. नातेवाइकांनाही तपासणी देऊ केली. हे काम मला फार मोलाचं वाटतं, कारण आपल्याकडे अजूनही ‘घरात कुणाला आहे का?’ या एका प्रश्नावर सगळं थांबतं.

तो प्रश्न मी स्वतः कसा विचारायचे, हे सांगितल्याशिवाय मला पुढं लिहिता येणार नाही. सर्जन म्हणून सुरुवातीची वर्षं होती. ३६ वर्षांच्या एका शेतकऱ्याच्या आतड्याची गाठ मी काढली. केसपेपरवर कौटुंबिक इतिहासाच्या रकान्यात ‘विशेष नाही’ असं लिहून पुढं गेले. तीन वर्षांनी एक बाई आली, आडनाव वेगळं, आजार तोच, यकृतापर्यंत पोचलेला. तपासून झाल्यावर म्हणाली, “बाई, माझ्या भावाचं आप्रेशन तुम्हीच केलं हुतं.” मी तिला तीन वर्षं आधी बोलवू शकले असते. त्या दिवसापासून मी पेन्सिल घेऊन बसते.

आता तुमचं. भावाकडून जनुकीय रिपोर्टची पूर्ण प्रत मागवा, ‘लिंच आहे’ एवढं पुरत नाही. एमएसएच२मध्ये नेमका कुठला बदल आहे ते अक्षर-आकड्यांत लिहिलेलं असतं. ते हातात असलं की तुमच्या रक्तात तेवढीच एक जागा बघायची. ती तपासणी संपूर्ण तपासणीपेक्षा स्वस्त पडते आणि उत्तर स्पष्ट येतं. टाटा मेमोरियलचं कॅन्सर जेनेटिक्सचं काम खारघरला चालतं. तिथं किंवा जवळच्या मोठ्या केंद्रात आधी समुपदेशकाशी बोला, रक्त नंतर द्या.

तो बदल तुमच्यात नसेल तर तुमचा धोका इतर चारचौघींइतकाच, आणि मुलीला तो तुमच्याकडून मिळण्याचा प्रश्न मिटतो. असेल तर पंच्याहत्तरीपर्यंत आतड्याच्या कॅन्सरचा धोका साधारण ४० ते ५० टक्के, गर्भाशयाचाही जवळपास तेवढाच. आकडा मोठा आहे, मी तो लहान करून सांगणार नाही. पण दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीनं तपासणी, केली तर कॅन्सर होण्याआधीचा कोंब, पॉलिप, तिथल्या तिथं काढता येतो. झालाच तर लवकर सापडतो. आदल्या दिवशी रेचक पिऊन रात्र संडासात जाते, तो त्रास खरा आहे. मुलं झालेल्या बायकांना चाळिशीच्या सुमारास गर्भाशय आणि बीजकोश काढण्याचा पर्याय देतात. घाईनं ठरवू नका, पण पाळीत जास्त किंवा मधेच रक्त गेलं तर ‘वय झालं’ म्हणून सोडूही नका. ॲस्पिरिननं लिंच असणाऱ्यांत आतड्याचा कॅन्सर कमी होतो, हे ब्रिटनमधल्या न्यूकॅसलच्या जॉन बर्न यांच्या ८६१ जणांवरच्या अभ्यासात दिसलं. तरी आपणहून गोळी सुरू करू नका, डॉक्टरांशी बोला.

मुलीचं रक्त आत्ता तपासायचं नाही. एमएसएच२मध्ये दोष असला तरी कोलोनोस्कोपी २०-२५ वर्षांपासून सुरू होते. अठरा पूर्ण झाल्यावर तिचं तिनं ठरवावं. चुलत बहिणीनं घाई करू नये, आधी काकांनी रक्त द्यावं. त्यांच्यात दोष नसेल तर तिचा प्रश्न तिथंच संपतो.

आईची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. स्थळं मोडतात, मी पाहिलंय. पण गावाला सांगायला कुणी सांगत नाही. रक्ताच्या नातेवाइकांना सांगायचं आहे. आईशेजारी बसून म्हणा, “बाबांच्या वेळी हे कुणाला माहीत नव्हतं, म्हणून वर्षभर मूळव्याधीचं औषध चाललं.” तिला स्वतःचाही दोष वाटत असणार. घरातलं रक्त तपासायचं म्हटलं की सुनेकडं बोट जातं, हे तिनं आयुष्यभर पाहिलं असेल.

आणि आतेभाऊ. त्याच्यासाठी मात्र जनुकाच्या रिपोर्टची वाट बघू नका. रक्त पडत असेल तर त्यानं या आठवड्यात पोटाच्या डॉक्टरांकडं जावं, मामा आतड्याच्या कॅन्सरनं ४४व्या वर्षी गेले आणि मामेभावाला लिंच आहे हे त्यांना आधी सांगावं आणि कोलोनोस्कोपी करून घ्यावी. मूळव्याधच निघाली तर छान. काकांना विचारत बसू नका, आज संध्याकाळी तुम्हीच त्याला फोन करा.