वाहत्या होडीतून गरवताना तंगुसाचा ताण सांभाळायला कोणती साधनं घ्यावीत?

तुमची अडचण अशी दिसते: देवगडच्या बाजूला लहान फायबरच्या होडीतून तांबोशी-गोबऱ्यासाठी गरवता (गरीने मासे पकडता), नांगर न टाकता होडी वाऱ्यावर सोडता. मग तंगूस (गरीची दोरी) कधी इतका सैल पडतो की मासा टोचलेला कळत नाही, तर कधी ताणून तुटतो. यावर ‘ताण सांभाळणारी’ एखादी वस्तू मिळते का, असं विचारलंत.

वस्तू पुष्कळ मिळतात. पण तंगुसावर ताण किती येणार हे रिळाच्याही आधी होडी ठरवते, त्यामुळे पहिले पैसे होडीवर घाला, म्हणजे ड्रोगवर. हा कापडी शंकू असतो, तोंड रुंद आणि शेपटाकडे लहान भोक. वाऱ्याकडच्या बाजूने दोरावर सोडला की पाणी भरून फुगतो आणि होडीला मागे धरतो. वारा होडीला ढकलतो, पाणी आपल्या चालीने जातं आणि या दोन्हींतला फरक तंगुसाला सोसावा लागतो. पाण्याचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे होडीची पाण्यातली गती निम्मी केलीत तर तंगुसावरची ओढ जवळजवळ चौथ्या हिश्श्यावर येते. एवढं कुठलंही महागडं रीळ करून देणार नाही. विकतचा ड्रोग नको असेल तर प्लॅस्टिकच्या बादलीच्या काठाला तीन भोकं पाडून तिथे दोर बांधा आणि बुडालाही एक भोक पाडा. नुसत्या कडीला बांधू नका, ती उखडते.

मात्र ड्रोग पाण्याला धरून राहतो, तळाला नाही. वारा पडलेला असेल आणि होडीला नुसती उधाणाची ओढ नेत असेल, तर ड्रोगही होडीसोबत वाहत जाईल. अशा वेळी गती कमी करायला इंजिनच हवं. नाहीतर अष्टमी-नवमीच्या भांगेचे (कमी भरती-ओहोटीचे) दिवस निवडा, तेव्हा ओढ मंद असते. गरी नेहमी वाऱ्याकडच्या अंगाने सोडा, ड्रोगच्या दोरापासून जरा दूर. दुसऱ्या अंगाने सोडली तर होडी तंगुसावर चढते आणि तो बुडाखाली घासून तुटतो. ‘आपोआप तुटला’ म्हणतात त्यातले बरेच असे तुटलेले असतात.

मग शिसं, म्हणजे गरी खाली नेणारं वजन. ढोबळ अंदाज असा की दर ३ मीटर खोलीला ३० ग्रॅम. ब्रेडचा (विणलेल्या धाग्यांचा) तंगूस पातळ असतो, पाणी कमी धरतो, त्यामुळे त्याला कमी वजन पुरतं. पण ब्रेड जवळपास ताणला जात नाही, झटका सगळा गाठीवर येतो. म्हणून पुढे दोन-तीन मीटर जाड नायलॉनचा लीडर (गरीकडचा शेवटचा तुकडा) लावा, तो थोडा ताणला जाऊन झटका खातो. खडकाळ जागेत घासही तोच सोसतो. मधे चांगला स्विव्हल (फिरती कडी) हवाच, नाहीतर वाहत्या पाण्यात आमिषाचा माकळाचा तुकडा गरगरत राहतो आणि सगळ्या तंगुसाला पीळ बसतो.

आता ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक. हाताने ओढून ‘बरा वाटतोय’ म्हणणं सोडा. प्रवासाची बॅग मोजायचा हुकाचा काटा घ्या, रॉड वाकवून तंगूस सरळ ओढा आणि तुटण्याच्या वजनाच्या पाव ते एक तृतीयांशावर ड्रॅग लावा. तंगूस १२ किलोचा असेल तर ३ ते ४ किलो. बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही ते हे की मासा तंगूस घेऊन पळाला की स्पूलवरच्या (रिळाच्या चकरीवरच्या) तंगुसाचा व्यास घटतो आणि ड्रॅगला हात न लावताही ताण वाढत जातो. व्यास निम्मा झाला की ताण दुप्पट. तेव्हा मोठा मासा लांब गेला असेल तर ड्रॅग घट्ट करायचा मोह आवरा, उलट थोडी ढील द्या.

रॉड होल्डरमध्ये ठेवून गरवत असाल तर आत वळलेली सर्कल गरी वापरा. होडीच्या गतीनेच तंगूस हळूहळू ताणला जातो आणि गरी माशाच्या जबड्याच्या कोपऱ्यात बसते. रॉडला हिसका द्यायचा नाही, दिलात तर ती निसटून येते. जिवंत आमिष सोडणार असाल तर बेटरनरसारखं दोन ड्रॅगचं रीळ कामाचं आहे: मासा आमिष घेऊन जाईपर्यंत हलका ड्रॅग, मग हँडल फिरवलं की खरा ड्रॅग लागतो. साध्या रिळावर क्लिकर (स्पूल फिरली की टकटक वाजणारी कळ) लावून, जेमतेम स्पूल थांबेल एवढा ड्रॅग ठेवूनही निभतं. झटका खाण्यासाठी तंगुसावर बसवायचे रबरी स्नबर मी घेणार नाही, लीडर तेच काम करतो.

तंगूस हाताला गुंडाळून कधीही धरू नका, ब्रेड तर नाहीच, बोट कापतं. सुरी हाताशी असू द्या. आणि घरी आलात की रीळ गोड्या पाण्याने हलकं धुऊन ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा. आवळलेला ठेवलात तर आतल्या चकत्या दबून बसतात आणि पुढच्या वेळी ड्रॅग अडखळत सुटतो. तंगूस तुटतो तो नेमका त्या अडखळण्यात.